परक्या मुलांना घर देणारी माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी पाहुण्या म्हणून बोलवायच्या, ही आपली नेहमीची पद्धत. यंदा मात्र मंडळातल्याच एकीने बोलावे असे ठरले आणि ते माझ्यावर आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. तेव्हा स्वयंपाकघरात बसून जसे बोलतो तसेच बोलेन. ते आपण गोड मानून घ्यावे.

आपल्या बैठकीत एक वाक्य नेहमी ऐकू येते. "आपण बायका, आपल्या हातून असे काय मोठे होणार?" हे वाक्य कोणी वाईट हेतूने म्हणत नाही. पण ते म्हटले की पुढचे बोलणे बंद होते आणि सहलीचा विषय निघतो. या वाक्याला काही उत्तर आहे का, हे मी शोधीत होते. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. तिने ग्रंथालयातून काही इंग्रजी पुस्तके आणली आणि रात्री भांडी आवरल्यावर ती मला मराठीतून सांगत गेली. त्यातली हकीकत आज तुम्हांला सांगावीशी वाटते. ती आहे दूर युरोपातली, आणि ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची. पण त्यातली माणसे मला आपल्या गल्लीतलीच वाटली.

सन १९३८ मध्ये जर्मनीत हिटलरचे राज्य होते. त्याच वर्षी त्याने शेजारचा ऑस्ट्रिया देशही गिळला. ज्यू धर्माच्या लोकांवर तिथे फार जुलूम चालला होता. त्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि मुलांना शाळेतून काढले. १९३८ च्या नोव्हेंबरात, ९ व १० तारखेच्या रात्री, त्यांची दुकाने फोडली, प्रार्थनामंदिरे जाळली आणि हजारो पुरुषांना धरून नेले. घरात राहिल्या बायका आणि मुले. पळून जावे तर बहुतेक देश दार उघडीनात.

अशा वेळी इंग्लंडमधल्या काही लोकांनी सरकारकडे धरणे धरले की निदान मुले तरी येऊ द्या. सरकारने मान्यता दिली, पण अटी घालून. मूल सतरा वर्षांच्या आतले हवे. आईबापांनी सोबत यायचे नाही. आणि सरकारी तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही. खाण्यापिण्याचा, राहण्याचा सगळा भार लोकांनी उचलायचा. पुढे पुढे तर एका मुलामागे ५० पौंड हमी म्हणून भरावे लागत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

म्हणजे सरकारने फक्त दाराची कडी काढली. मुलांना आणणे, उतरवून घेणे, जेवूखाऊ घालणे, घर शोधणे हे सारे राहिले लोकांवर. त्यासाठी एक संस्था उभी राहिली. तिच्यात ज्यू होते, ख्रिस्ती होते, क्वेकर पंथाचे लोक होते. गावोगावी तिच्या समित्या झाल्या आणि या समित्यांत बहुतेक काम बिनपगारी माणसांनी केले. त्यांत गृहिणी पुष्कळ होत्या. डिसेंबरात माजी पंतप्रधान बाल्डविन यांनी रेडिओवरून लोकांना मदतीचे आवाहन केले, तेव्हा सुमारे पाच लाख पौंड जमा झाले. २ डिसेंबर १९३८ रोजी पहिली दोनशेच्या आसपास मुले आगबोटीने हॅरिच बंदरात उतरली. त्यांतली बरीच बर्लिनमधल्या एका जाळलेल्या अनाथाश्रमातली होती. तेव्हापासून सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटेपर्यंत, नऊ-दहा महिन्यांत, सुमारे १०,००० मुले अशी आली.

आता या कामातल्या एका बाईंची गोष्ट ऐका. त्यांचे नाव ट्रूस वाइसम्युलर. हॉलंड देशातल्या आम्सटरडॅमच्या राहणाऱ्या. यजमान बँकेत होते. त्यांना स्वतःचे मूलबाळ नव्हते. जातीने-धर्माने त्या ज्यूही नव्हत्या. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या माहेरी आईवडिलांनी एका ऑस्ट्रियन मुलाला घरात ठेवून घेतले होते. परक्या मुलाला ताटावर बसविणे त्यांनी माहेरीच पाहिलेले. १९३८ मध्ये त्यांचे वय बेचाळीस, म्हणजे इथे बसलेल्या आपल्यापैकी पुष्कळजणींचे आहे तेवढेच.

लंडनच्या लोकांनी या बाईंना विनंती केली की तुम्ही व्हिएन्नाला जा आणि तिथला अधिकारी मुलांना सोडतो का पाहा. त्या अधिकाऱ्याचे नाव आइशमान. पुढे लाखो माणसांना मृत्यूच्या छावण्यांत धाडण्याची व्यवस्था ज्याने पाहिली, तोच हा. बाई एकट्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने त्यांना हात दाखवायला लावले, जोडे काढून चालायला लावले. बाई ज्यू तर नाही ना, हे बघायचे होते त्याला. शेवटी तो म्हणाला, शनिवारी सहाशे मुले घेऊन जा. शनिवार मुद्दाम निवडलेला, कारण ज्यू लोक त्या दिवशी प्रवास करीत नाहीत. शिवाय मध्ये उरलेले दिवस जेमतेम पाच. सहाशे मुले, पाच दिवस! आपल्याकडे साठ माणसांची सहल काढायची तर महिनाभर चिठ्ठ्या-चपाट्या चालतात. पण १० डिसेंबर १९३८ रोजी ती सहाशे मुले व्हिएन्नाहून निघाली. पाचशे इंग्लंडला गेली आणि शंभर हॉलंडमध्येच राहिली.

त्यानंतर युद्ध सुरू होईपर्यंत या बाई पुन्हा पुन्हा जात राहिल्या. मुले त्यांना 'ट्रूस मावशी' म्हणत. मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंडवर हल्ला केला. १४ मे रोजी, देश शरण जाण्याच्या दिवशी, बाईंनी आम्सटरडॅमच्या अनाथालयातली ७४ मुले गाड्यांत घालून बंदरावर नेली आणि 'बोडेग्राव्हेन' नावाच्या बोटीवर चढविली. वरून विमानांचा मारा चालू होता. तरी ती बोट इंग्लंडला पोचली. बाईंना स्वतःला त्या बोटीतून जाता आले असते. त्या गेल्या नाहीत. घरी यजमान होते, म्हणून मागे फिरल्या.

दुसरी गोष्ट एका पुरुषाची आहे, पण तिच्यातही एक आई आहे. निकोलस विंटन हा लंडनच्या शेअरबाजारात काम करणारा २९ वर्षांचा तरुण. १९३८ च्या नाताळच्या सुटीत त्याला बर्फात खेळायला स्वित्झर्लंडला जायचे होते. एका मित्राचा निरोप आला की इकडे प्रागला ये, इथे काम आहे. प्राग ही चेकोस्लोव्हाकिया देशाची राजधानी. जर्मनीने त्या देशाचा सरहद्दीचा भाग बळकावला होता, आणि तिथून पळालेली कुटुंबे ऐन थंडीत छावण्यांत पडली होती. आधी सांगितलेली संस्था जर्मनी व ऑस्ट्रियातल्या मुलांचे पाहत होती. प्रागच्या मुलांचे पाहणारे कोणी नव्हते. डोरीन वॉरिनर नावाच्या एक बाई तिथे निर्वासितांसाठी राबत होत्या, पण एकटीने काय काय करावे?

विंटनने मुलांच्या याद्या करायला सुरुवात केली. सुटी संपल्यावर लंडनला परतला. दिवसा बाजारातली नोकरी, आणि दुपारनंतर रात्रीपर्यंत हे काम. कचेरी नव्हती, घर हीच कचेरी. संस्थेचे नाव छापलेले कागद करून घेतले, म्हणजे सरकार-दरबारी पत्राला वजन येते. त्याची आई बार्बरा आणि आणखी काही माणसे मदतीला बसली. मुलांचे फोटो छापून लोकांना पाठवायचे, एकेका मुलासाठी घर शोधायचे, हमीचे पैसे गोळा करायचे, परवान्यासाठी सरकारच्या मागे लागायचे. प्रागची बाजू ट्रेव्हर चॅडविक नावाच्या शाळामास्तरांनी सांभाळली. तेही मुळात आपल्या शाळेसाठी दोन मुलगे आणायला म्हणून गेले होते, आणि काम पाहून तिथेच राहिले.

भगिनींनो, यात तलवार नाही, भाषण नाही. यादी, पत्र, पावती, फोटो, तिकीट. ज्या घरात रेशनकार्ड, गॅसची पुस्तके, मुलांचे दाखले आणि सासूबाईंची औषधे एका हाताने सांभाळली जातात, त्या घरातल्या बाईला हे काम येणार नाही असे मला तरी वाटत नाही. मार्च ते ऑगस्ट १९३९ या काळात या माणसांनी ६६९ मुले प्रागहून बाहेर काढली. सर्वांत मोठी आगगाडी १ सप्टेंबरला सुटायची होती. तिच्यात अडीचशे मुले जायची होती आणि पलीकडे त्यांची घरे ठरलेली होती. त्याच दिवशी युद्ध सुरू झाले आणि गाडी सुटलीच नाही. त्या मुलांतली बहुतेक पुढे जगली नाहीत. हे काम एक महिना आधी झाले काय आणि एक महिना नंतर झाले काय, यात किती अंतर असते ते यावरून कळावे.

विंटनने या कामाची बढाई कधी मारली नाही. १९८८ मध्ये इंग्लंडच्या दूरदर्शनवर ही हकीकत आली तेव्हा कुठे जगाला ती कळली. १०६ वर्षांचे होऊन ते २०१५ मध्ये वारले.

आता आईकडे वळते. कारण मुलगी वाचून दाखवीत असता माझे मन सारखे त्या फलाटावर जाई. प्रत्येक मुलाला एक पेटी न्यायची मुभा. पैसे दहा मार्क. दागिना, मोलाची वस्तू नेता येत नसे. गळ्यात दोरीने बांधलेला नंबर. काही मुले तर अंगावरची होती. ती मोठ्या मुलींच्या मांडीवर दिलेली. काही स्थानकांवर आईबापांना फलाटावर येण्याचीही बंदी होती, रडारड नको म्हणून. आपण लेक सासरी पाठवितो तेव्हा डोळ्याला पदर लावतो. पण आपल्याला गाव ठाऊक असते, माणसे ठाऊक असतात, सणाला ती माहेरी येणार हेही ठाऊक असते. त्या आयांना यातले काहीच ठाऊक नव्हते. तरी त्यांनी पेटी भरली, केस विंचरले आणि हात सोडला. युद्ध सुरू झाल्यावर नेहमीची टपालेही बंद पडली. मग रेडक्रॉसमार्फत निरोप धाडता येई, तो फक्त पंचवीस शब्दांचा. मैत्रिणींनो, पंचवीस शब्दांत आपण काय लिहिले असते? जेवतोस ना, सर्दी बरी झाली का, एवढ्यातच शब्द संपतात. आणि एक दिवस ते निरोपही येईनासे झाले. युद्धानंतर बहुसंख्य मुलांना आपले आईबाप पुन्हा दिसले नाहीत.

इथपर्यंतची गोष्ट लोक नेहमी सांगतात. तिच्यावर बोलपटही निघाले आहेत. पण खरे सांगू, मला पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मूल बोटीतून उतरले, पुढे काय?

ज्यांची घरे आधी ठरली नव्हती अशी पुष्कळ मुले समुद्रकाठच्या डोव्हरकोर्ट या छावणीत ठेवली होती. ती उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्यांसाठी बांधलेली लाकडी खोपटी, आणि मुले आली डिसेंबरच्या थंडीत. सुटीच्या दिवशी मुले जेवायला बसली की घर देऊ इच्छिणारी मंडळी येऊन त्यांना पाहत. आपल्याकडे मुलगी पाहायला येतात ना, पोहे पुढे ठेवून मान खाली घालून बसायचे, तसे ते. गोऱ्यागोमट्या, लहानशा मुलींना चटकन घर मिळे. चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे आठवड्यामागून आठवडे तसेच बसून राहत. दर आठवड्याला आपल्याला कोणी निवडले नाही, हे त्या पोरांना कसे वाटत असेल? घर देणारे दयाळू होते, यात शंका नाही. परंतु दया करतानासुद्धा माणूस निवड करतो, आणि ती निवड मुलाला दिसते.

घरेही निरनिराळी मिळाली. काहींना सख्ख्या आईबापांसारखी माणसे लाभली. स्वतः गरीब असून घासातला घास देणारी कुटुंबे होती. पण काही ठिकाणी मोठ्या मुलींना घरकामाला जुंपले. भावंडे निरनिराळ्या गावी गेली. लहान मुले आपली बोली विसरली; पुढे आई भेटलीच तर तिच्याशी बोलायला शब्द उरले नव्हते. ज्यू मुले ख्रिस्ती घरात गेली, तिथे त्यांचे सणवार सुटले. १९४० मध्ये युद्धाच्या भीतीने सरकारने जर्मन नागरिकांना पकडले, तेव्हा यांतली सोळा वर्षांवरची सुमारे हजार मुलेही 'शत्रू' म्हणून तारेच्या कुंपणात गेली. ज्या हिटलरपासून ती पळाली, त्याचीच माणसे म्हणून! गावोगावच्या समित्यांच्या बाया मुलांच्या भेटीला जात, चौकशी करीत. जिथे त्या नेमाने गेल्या तिथे मुलाचे दुःख कळले आणि घर बदलता आले. जिथे गेल्या नाहीत तिथे मुलाने कोणाला सांगावे? शेवटी १९४४ मध्ये कायदा करून संस्थेच्या अध्यक्षांना, लॉर्ड गोरेल यांना, या मुलांचे कायदेशीर पालक नेमले. तोवर युद्धाची पाच वर्षे होत आली होती.

यावरून मी एवढेच शिकले की मुलाला आसरा देणे हे काम एका दिवसाचे नाही. पेटी उतरवून घेणे हा पहिला दिवस. त्यानंतर रोजचे जेवण, आजारपण, शाळेचा निकाल, रुसणे, आणि "तुला इथे कसे वाटते?" हे विचारणारे बाहेरचे एक माणूस, एवढे सगळे असेल तरच त्याला घर म्हणावे. चार भिंती आणि दोन वेळचे अन्न यांना घर म्हणता येत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

कोणी म्हणेल, हे साहेबांच्या देशातले झाले. तर मैत्रिणींनो, त्याच महायुद्धातले असे एक गाव आपल्या कोल्हापूरला अगदी लागून होते. रशियाच्या छावण्यांतून सुटलेली पोलंडची माणसे, त्यांत बायकामुलेच फार, १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे राहिली. त्यांची संख्या सुमारे पाच हजार होती. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. पुढे फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. त्याआधी १९४२ मध्ये गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी इथे पोलंडच्या पोरक्या मुलांसाठी जागा करून दिली होती. आपल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांचे स्मारक आहे. त्यावरून आपण शंभरदा गेलो असू. पुढच्या वेळी मुलांना हात धरून तिथे न्या आणि सांगा की ही माणसे कोण होती.

आता मुद्द्यावर येते. आपण उठून परदेशी जाऊन मुले आणावीत असे मी म्हणत नाही. आणि कोणाचे मूल दयेपोटी आपल्या मनाने घरी आणून ठेवणेही बरोबर नाही. आपल्या देशात त्यासाठी २०१५ चा कायदा आहे, जिल्ह्याला बालकल्याण समिती असते आणि तिच्यामार्फतच असे मूल कोणाकडे द्यायचे ते ठरते. कोणते मूल संकटात दिसले तर १०९८ या क्रमांकावर फुकट कळविता येते. हा क्रमांक प्रत्येकीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती मंडळाला आहे. आपल्या भागात मुलींचे वसतिगृह आहे. काही मुलींचे आईबाप फार लांब, काहींना आईबाप नाहीतच. भेटीच्या रविवारी इतरांचे डबे येतात आणि या मुली गॅलरीत उभ्या राहतात. मंडळाने अधीक्षक बाईंची रीतसर परवानगी घ्यावी. पाचजणींची एक समिती करावी. तिने दर महिन्याला न चुकता जावे, अगदी पाऊस असला, घरी पाहुणे असले, तरी जावे. जाताना सगळ्या मुलींकडे जावे. हसऱ्या, गोड बोलणाऱ्या मुलीलाच तेवढे जवळ घेऊन येऊ नये. भेटवस्तू नेली नाही तरी चालेल. नाव लक्षात ठेवावे, मागच्या वेळचे बोलणे लक्षात ठेवावे, आणि काही खटकले तर ते वहीत लिहून अधीक्षक बाईंना सांगावे. त्यांनी ऐकले नाही तर बालकल्याण समितीकडे जावे. एक वर्ष करून बघू. पुढच्या वर्धापनदिनाला हिशेबाच्या शेजारी या वहीचेही वाचन व्हावे.

हे काम फार मोठे नाही, हे मलाही कळते. पण ती वाइसम्युलर मावशी काय किंवा लंडनच्या घरातली ती बार्बरा काय, त्याही घरसंसार करणाऱ्याच बाया होत्या. पत्रे लिहून, याद्या करून, मुलांचे हात धरून त्यांनी काम केले, आणि त्या हातांनी वाचलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज जगभर नांदत आहेत. समितीसाठी नावे आजच द्यायची असली तर पहिले नाव माझे लिहून घ्यावे. उरलेली चार सभा संपायच्या आत मिळतील, अशी मला खात्री आहे.